पाठ टेकण्याआधीची सत्तर मिनिटं

लहानपणी आई सांगायची, "डोळे मिटून पड, झोप लागेल." मी डोळे मिटायचे आणि वाट बघायचे. दहा मिनिटं, अर्धा तास, तासभर. झोप काही लागायची नाही. मग वाटायचं, आपलेच डोळे नीट मिटत नसतील, म्हणून मी ते आणखी घट्ट आवळायचे. ३७व्या वर्षी एका झोपतज्ज्ञ डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "किती घट्ट?" एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हा वाटलं, इथे आपलं जमेल.

मला ऑटिझमचं निदान झालं ३६व्या वर्षी. त्यानंतर मागच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला, रात्री मात्र होत्या तशाच राहिल्या. अडीच-तीनपर्यंत टक्क जागी, साडेसहाला गजर, दिवसभर डोळे तारवटलेले. जानेवारीत एकाच आठवड्यात दोनदा बसमध्ये डोळा लागून माझा स्टॉप मागे पडला. दुसऱ्या वेळी तर कंडक्टरने शेवटच्या थांब्यावर उठवलं. त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांची वेळ घेतली.

पुढच्या नऊ महिन्यांत काय काय झालं ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा माझ्या गोळ्या आणि माझ्या वेळा कुणी उचलू नयेत. पण कुठे किती थांबावं लागतं, काय विचारतात आणि नेहमीचे सल्ले आपल्यासारख्यांना कुठे उलटे पडतात, हे मला आधी माहीत असतं तर दोन-तीन महिने नक्की वाचले असते.

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून, १४ जानेवारीला. त्यांनी रक्ततपासण्या लिहून दिल्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि फेरिटिन. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो, आणि तो कमी असेल तर रात्री पायांत चुळबुळ सुटू शकते. मला ती लहानपणापासून होती. सगळ्यांनाच असते असं मी धरून चालले होते, म्हणून कधी बोललेच नव्हते. साठा कमी निघाला, गोळ्या सुरू झाल्या, आणि पाय शांत व्हायला जवळजवळ दोन महिने गेले. झोपेच्या क्लिनिकची चिठ्ठी मिळाली, पण पहिली रिकामी तारीख सात आठवड्यांनंतरची होती. "कुणी रद्द केलं तर कळवा," असं सांगून ठेवायला हवं होतं. मला ते सुचलं नाही आणि फोन करायचा धीर तर त्याहून नव्हता.

तारखेआधी घरी दोन कागद आले. पहिली सात प्रश्नांची प्रश्नावली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण २८. ‘झोप लागायला किती त्रास होतो? अजिबात नाही, थोडा, मध्यम, खूप, अतिशय.’ मी पेन घेऊन पाऊण तास बसले. थोडा म्हणजे किती? मंगळवारी अतिशय होता, बुधवारी अजिबात नव्हता. दोन्हींची सरासरी काढली तर मध्यम येतं, पण मध्यम अशी एकही रात्र त्या पंधरवड्यात नव्हती. शेवटी कागदाच्या मागच्या बाजूला रात्रवार तक्ता काढून दिला. तुम्ही एवढं करू नका. जी रात्र सगळ्यात जास्त वेळा येते तिच्यावर खूण करायची आणि पुढे जायचं, असं मला नंतर सांगण्यात आलं. माझे १९ गुण आले. १५ ते २१ म्हणजे मध्यम तीव्रतेचा निद्रानाश. अखेर मध्यमच.

दुसरा कागद झोपेच्या नोंदवहीचा, दोन आठवड्यांसाठी. त्यात रोज लिहायचं, किती वाजता झोप लागली. आणि खाली सूचना: रात्री घड्याळ पाहू नये, अंदाजाने लिहावे. आता झोप कधी लागली हे बघायला जागं राहायला हवं, आणि अंदाजाने लिहिणं मला जमत नाही; चुकीचा आकडा लिहिला की तो दिवसभर टोचत राहतो. पहिले चार दिवस मी रकाना कोराच ठेवला. मग क्लिनिकला ईमेल केला. उत्तर आलं, आकडा नको, फक्त तीनपैकी एक अक्षर लिहा: अर्ध्या तासाच्या आत ‘अ’, दीड तासाच्या आत ‘ब’, त्यापुढे ‘क’. हे जमलं. चौदा दिवसांत अकरा ‘क’. ज्यांना फोनचा धसका आहे त्यांनी ईमेलचा पत्ता पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

३ मार्चला प्रत्यक्ष भेट झाली, पन्नास मिनिटांची. डोक्यावरची ट्यूब बंद करायची विनंती मी चिठ्ठीवर लिहून नेली होती. बोलायला लागले की अशा गोष्टी राहून जातात. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, सकाळी डोकं दुखतं का, असं त्यांनी विचारलं. नवऱ्याला बरोबर नेलं होतं ते इथे कामी आलं, कारण मी घोरते का हे मी कसं सांगणार? तारा लावून रात्रभर झोपायची तपासणी लागणार नाही म्हणाल्या. निष्कर्ष असा निघाला की दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ झोप बिघडलेली, म्हणजे जुनाट निद्रानाश. शिवाय माझं शरीराचं घड्याळच मागे पडलेलं.

घड्याळाचं त्यांनी छान समजावलं. माणसाच्या आतल्या घड्याळाचा दिवस सरासरी २४ तासांपेक्षा दहा-बारा मिनिटांनी मोठा असतो आणि रोज सकाळचा उजेड त्याला ओढून जागेवर आणतो. संध्याकाळी उजेड कमी झाला की मेंदूतून मेलाटोनिन (रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक) पाझरायला लागतं, साधारण नेहमीच्या झोपेच्या दोन तास आधी. माझी नेहमीची झोप अडीचची, म्हणजे माझ्या शरीराची संध्याकाळच रात्री साडेबाराला होत होती. अकराला अंथरुणात शिरून मी भर दुपारी झोपायचा प्रयत्न करत होते.

त्यांनी आणखी एक गोष्ट सरळ सांगितली. ऑटिझम आणि झोप यावरचं बरंचसं संशोधन मुलांवरचं आहे. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याही मुलं आणि किशोरवयीनांसाठीच. "तेव्हा मोठ्यांसाठीचे उपाय आपण तुमच्यावर करून बघू, आणि जिथे बसणार नाहीत तिथे टाचून घेऊ," असं त्या म्हणाल्या. हे ‘टाचून घेऊ’ मला फार आवडलं. मी घरी येऊन लिहून ठेवलं.

मोठ्यांच्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणजे सीबीटी-आय, निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती. गोळ्यांच्या आधी हीच करावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. माझी दर आठवड्याला एक अशी सहा सत्रं ठरली. ती मार्चअखेर सुरू झाली आणि पहिल्या तीन आठवड्यांत माझ्या झोपेचं होतं नव्हतं तेवढं खोबरं झालं.

पहिला नियम: वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, पेंग आली की परत यायचं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेली ही पद्धत आहे आणि पुष्कळांना तिचा गुण येतो. अंथरूण म्हणजे झोप, एवढीच सांगड डोक्यात बसावी हा हेतू. पण माझ्यासाठी अंथरुणात शिरणं हेच मोठं काम. पांघरुणाची शिवण पायाकडे, उशीच्या अभ्र्याचं लेबल खाली, डावा कान आधी. हे सगळं जुळवून आणल्यावर उठा, दिवा लावा, थंड फरशीवर पाय ठेवा, परत या आणि परत जुळवा. एका रात्री मी पाच वेळा उठले. पाचव्यांदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडले. पेंग आली की परत यायचं, पण पेंग आली आहे हे मला आतून कळतच नाही; भूक, तहान, लघवी यांचंही तेच, कळतं ते एकदम शेवटच्या टोकाला.

दुसरं, शरीर शिथिल करायचा व्यायाम. रेकॉर्डिंगमधल्या बाई सांगतात, आता लक्ष पायाच्या बोटांकडे न्या. नेलं. मग बोटांना चादरीचे धागे लागायला लागले, मग धागे मोजता आले, मग छातीतली धडधड कानात ऐकू यायला लागली. शरीराकडे लक्ष गेलं की मी शिथिल होत नाही, सावध होते.

तिसरी, झोपेची वेळ आवळण्याची पद्धत, आर्थर स्पिलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेली. जितके तास खरोखर झोप लागते तेवढेच तास अंथरुणात काढायचे, म्हणजे झोपेची भूक वाढते आणि मग हळूहळू वेळ वाढवता येते. मला साडेपाच तास मिळाले. पाचव्या दिवशी ऑफिसात कुणीतरी खुर्ची सरकवली आणि त्या आवाजाने मी कानांवर हात ठेवून खाली बसले. किती तरी वर्षांनी असा मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन ताबा सुटणं, लोकांसमोर झाला. त्या दिवसाबद्दल इथे जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की फिट्स येत असतील किंवा बायपोलर (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) असेल तर ही पद्धत आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करायची नसते, आणि ऑटिस्टिक लोकांमध्ये फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. हा प्रश्न मला विचारला होता. तुम्हाला कुणी विचारला नाही तर तुम्ही आपणहून काढा.

चौथ्या सत्राला मी ही सत्रं घेणाऱ्या समुपदेशकांना म्हटलं, मला जमत नाहीये, मी सोडते. त्यांनी वही उघडली आणि उलटा प्रश्न विचारला: "अंथरुणात शिरायच्या आधीच्या क्षणी तुम्ही काय करत असता?"

खरं उत्तर असं होतं की मी कुलपं उघडत असते.

हे जरा सांगायला हवं. जुनी, अडकलेली, किल्ली हरवलेली कुलपं आणून ती चालू करणं हा माझा छंद आहे; छंद म्हणजे लोक म्हणतात तसा, माझ्या लेखी तो श्वास आहे. रात्री साडेनऊला बसले की अकरा कधी वाजले कळत नाही. ऑटिस्टिक माणसासाठी वापरतात तो ‘स्वमग्न’ हा शब्द मला एरवी पटत नाही, पण त्या दीड तासापुरता तो चपखल बसतो. दिना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ साली मोनोट्रॉपिझमची कल्पना मांडली: ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींत पण खोलवर शिरतं, आणि तिथून बाहेर काढणं जड जातं. समुपदेशकांनी हे वाचलेलं होतं. मी अकराला कुलूप खाली ठेवून तशीच उठत होते आणि अंथरुणात पडल्यावर डोकं तीन तास तेच कुलूप उघडत राहत होतं.

म्हणजे झोप ही माझी अडचण नव्हतीच. एका गोष्टीतून दुसरीत जाणं ही होती, आणि दिवसातली सगळ्यात मोठी उडी मी काहीच तयारी न करता मारत होते.

छंद सोडा असं ते म्हणाले नाहीत, नाहीतर मी पाचव्या सत्राला गेलेच नसते. त्यातलं झोपवणारं काम आणि जागं ठेवणारं काम वेगळं करा, म्हणाले. एप्रिलचे दोन आठवडे आम्ही ते शोधण्यात घालवले. अडकलेलं कुलूप जागं ठेवतं, कारण त्याला उत्तर आहे आणि ते अजून सापडलेलं नाही. किल्ल्या पुसून लांबीप्रमाणे लावणं मात्र चालतं. माझ्याकडे एका पत्र्याच्या डब्यात दोनशेच्या वर सुट्या किल्ल्या आहेत. त्यातल्या वीस घ्यायच्या. मऊ फडक्यावर तेलाचा एक थेंब, आधी किल्लीचं डोकं, मग दांडी, मग दाते, एकेका खाचेत नखाने फडकं दाबत. पुसलेली किल्ली हातात जड आणि गार लागते. विसावी लावून झाली की तारेचं कडं बंद करायचं, त्याचा ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे काम संपलं. माझ्या मेंदूला ‘आता पुरे’ कळत नाही, ‘टक्’ कळतो.

याभोवती हळूहळू सत्तर मिनिटं उभी राहिली. मे संपेपर्यंत ती पक्की झाली. दहा वाजून वीस मिनिटांनी मनगटावर घड्याळ थरथरतं. कर्कश गजर मी कधीच लावत नाही. जे काही चालू असेल त्याची पुढची पायरी कागदावर लिहायची, उदाहरणार्थ, ‘तिसरी स्प्रिंग बदलून बघणे’. ही एक ओळ लिहिली नाही तर अंथरुणात तीच ओळ शंभरदा म्हटली जाते. मग मोठे दिवे बंद, गुडघ्याच्या उंचीवरचा एकच पिवळा दिवा. डोळ्यांतल्या ज्या पेशी मेंदूला दिवस आहे की रात्र हे कळवतात त्यांना निळसर उजेड सगळ्यात जास्त चाळवतो. मग वीस किल्ल्या. मग उभं राहून झुलणं, दहा मिनिटं.

झुलण्याबद्दल लिहावं की नाही याचा मी विचार केला. लहानपणी मी झुलायचे आणि तेव्हा ते सगळ्यांनी मिळून बंद करवलं. नंतरची तीस वर्षं मी ते फक्त अंथरुणात, अंधारात, पाय हलवून करत होते आणि पलंग हलतो म्हणून नवऱ्याची झोप मोडत होती. समुपदेशक म्हणाले, उभ्याने करा, दिव्यात करा. पहिल्या रात्री नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "झूल ना, मी काही बघत नाहीये." आता तोही कधीकधी शेजारी उभा राहून पुढे-मागे होतो. त्याला त्यातलं काही कळत नाही, पण बरं वाटतं म्हणतो.

पेंग ओळखायचा मार्गही त्यानेच काढला. "अगं, तू कान चोळायला लागलीस," असं तो एका रात्री म्हणाला. दोन आठवडे त्याने लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, झोप यायच्या आधी मी उजवा कान चोळते, एकच ओळ तीनदा वाचते आणि डोळ्यांच्या कडा ओल्या होतात. आतून कळत नसेल तर बाहेरून बघायचं. एकट्या राहणाऱ्या एका मैत्रिणीने यासाठी स्वतःचाच व्हिडिओ काढला होता, तेही चालतं.

दिवसभराच्या बोलण्याचं रवंथ हा वेगळाच विषय. ऑफिसात आठ तास चेहरा सांभाळायचा आणि रात्री एकेक वाक्य परत चघळायचं: ती ‘ठीक आहे’ म्हणाली ते रागाने का? ते मी संध्याकाळी सातला आणलं. पंधरा मिनिटं, वहीत, संवाद जसाच्या तसा. खाली एक ओळ: ‘उद्या विचारायचं’ किंवा ‘सोडायचं’. रात्री तोच संवाद आला तर त्याला सांगता येतं की तुझी वेळ सातची. निम्म्या वेळा ऐकतो.

घरात एक नियमही लागला. दहा-वीसनंतर कुणी उद्याबद्दल विचारायचं नाही. "उद्या तुला यायला उशीर होणार आहे का?" या एका वाक्याने माझा उद्याचा अख्खा दिवस डोक्यात उलगडतो. आता नवरा चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावतो आणि मी ती सकाळी वाचते.

वस्तूंचं थोडक्यात. खर्चाचा मोठा भाग सत्रांवर गेला, त्याखालोखाल सात किलोच्या वजनदार पांघरुणावर, आणि ते मी नऊ रात्री वापरलं. दाब आवडला, उकाडा सोसला नाही. ऑटिस्टिक मुलांवर २०१४ साली झालेल्या एका चाचणीत अशा पांघरुणाने झोप वाढलेली दिसली नाही, तरी मुलांना ते आवडलं होतं. विकत घ्यायच्या आधी मी हे वाचायला हवं होतं. आता ते घडी करून फक्त पायांवर घेते. काळी चिकटपट्टी मात्र अनमोल ठरली. चार्जर, राउटर, एसी, सगळ्यांचे चमकते टिपके झाकले. शांतता मला चालत नाही, शांततेत फ्रिज ऐकू येतो. पंख्याची एकसुरी घरघर लागते. गरम पाण्याने अंघोळ झोपेच्या एक-दोन तास आधी केली तर हातापायांकडे रक्त येऊन शरीराच्या आतलं तापमान उतरतं आणि झोप लवकर लागते, असं २०१९ च्या एका आढाव्यात आहे. पण ओल्यातून कोरडं होणं मला सहन होत नाही, म्हणून अंघोळ साडेआठला आणि मधला वेळ वाळायला.

गोळी म्हणून डॉक्टरांनी मेलाटोनिन दिलं, अगदी कमी आणि झोपेच्या कितीतरी आधी घ्यायचं, कारण हेतू गुंगी आणण्याचा नसून घड्याळ पुढे ओढण्याचा होता. डोस मुद्दाम लिहीत नाही. २०१७ च्या एका तपासणीत काही मेलाटोनिनच्या गोळ्यांमध्ये लेबलवरच्या आकड्यापेक्षा खूप कमी, तर काहींत चौपटीहून जास्त औषध सापडलं होतं, तेव्हा स्वतःहून उचलून घ्यायची ही वस्तू नाही. सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास उघड्यावर चालणं हा औषधाचाच भाग होता आणि तोच मला सगळ्यात जड गेला. झोपेची वेळ आवळणं आम्ही सोडलं नाही. फक्त एकदम न करता दर आठवड्याला पंधरा मिनिटं कमी करत गेलो.

ऑफिसचं प्रकरण जूनमध्ये. साडेआठऐवजी दहाला यायची परवानगी हवी होती. अर्जात ‘तात्पुरते की कायमचे’ असा रकाना होता आणि मी तिथे तीन दिवस अडकले. पहिलं प्रमाणपत्र परत आलं, कारण त्यात निदान होतं पण काय हवंय ते नव्हतं. डॉक्टरांकडून दुसरं आणलं: ‘झोपेच्या वेळेचा विकार; कामाची वेळ सहा महिने १०.०० पासून असावी, त्यानंतर फेरविचार.’ ऑटिझमचा उल्लेख नाही, तो माझा निर्णय होता. पाच आठवड्यांनी मंजुरी आली. पत्रात विकाराच्या नावापेक्षा वेळ आणि मुदत ठळक हवी, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

ऑक्टोबरमधल्या शेवटच्या भेटीत तेच सात प्रश्न. गुण ९. म्हणजे अजून शून्य नाही, पण निद्रानाशाच्या मोजपट्टीवर खालच्या पायरीवर. साडेबाराच्या सुमारास झोप लागते, आठवड्यातून एखादा ‘क’ येतोच. डॉक्टरांनी नोंदवही मागितली तर त्यात सलग तीन दिवस कोरे. "अंदाज येईना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, लिहायचं विसरले.

परगावी राहणं अजून जमत नाही. गेल्या महिन्यात दोन रात्री बाहेर काढाव्या लागल्या. पिशवीत चिकटपट्टी, उशीचा अभ्रा, छोटा पंखा आणि वीस किल्ल्या नेल्या. पहिल्या रात्री सगळं केलं तरी चार वाजेपर्यंत जागीच होते. खोलीतल्या परफ्युमचा वास कुठून येतोय ते सापडलं नाही. दुसऱ्या रात्री सापडलं, तो पडद्यांना होता. पडदे काढून बाथरूममध्ये ठेवले आणि खिडकीला माझी शाल लावली. त्या रात्रीची नोंद ‘ब’.